आयर्लंडला आपले मूळगाव म्हणता येईल का? आयरिश वंशाच्या कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

घरातले कोणीतरी मूळचे आयर्लंडचे होते, एवढी एकच माहिती हाती असलेली कुटुंबे मराठी समाजातही आहेत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात आयरिश वंशाच्या जोडीदाराशी विवाह केलेल्या मराठी माणसांची मुले यात येतात, तशीच पुणे, देवळाली, भुसावळ, इगतपुरी अशा छावण्यांच्या आणि रेल्वेच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काही अँग्लो-इंडियन कुटुंबेही येतात. यांपैकी कोणी प्रथमच चौकशी सुरू करत असेल, तर त्याने कोणत्या क्रमाने जावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. ‘मूळ भूमीवर हक्क’ या शब्दांत आपण नकळत तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र करतो. आयरिश राज्य मला नागरिक मानेल का, हा पहिला. पूर्वजांच्या जमिनीवर माझा काही अधिकार उरला आहे का, हा दुसरा. आणि त्या गावाने मला आपले म्हणावे अशी अपेक्षा मी धरावी का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर कायदा देतो, दुसऱ्याचे उत्तर जवळजवळ नेहमी नकारार्थी असते, आणि तिसऱ्याचे उत्तर आज त्या गावात राहणाऱ्या माणसांच्या हाती आहे. हे तीन प्रश्न वेगळे न ठेवल्यामुळे लोक हक्क असूनही अर्ज करत नाहीत, किंवा हक्क नसताना वर्षानुवर्षे कागद गोळा करत बसतात.

पहिली पायरी: पिढ्या मोजा

कागद शोधण्याआधी पिढ्या मोजाव्यात. आयर्लंडच्या बेटावर, म्हणजे आजच्या प्रजासत्ताकात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये, कोण जन्मले होते आणि ती व्यक्ती अर्जदाराची कोण लागते, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. पूर्वजाचा जन्म 1922 पूर्वीचा, म्हणजे संपूर्ण बेट ब्रिटिश सत्तेखाली असतानाचा असला, तरी अडचण येत नाही.

आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आयरिश नागरिक असतील, तर अर्जदार जन्मतःच नागरिक असतो आणि तो थेट पासपोर्टसाठी अर्ज करू शकतो. आजी किंवा आजोबा (आईकडचे असोत वा वडिलांकडचे) तिथे जन्मले असतील, तर नातवंडाला हक्क आहे, परंतु तो आपोआप लागू होत नाही. त्यासाठी ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’ या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते आणि नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून सुरू होते, जन्माच्या दिवसापासून नव्हे. 1956 च्या नागरिकत्व कायद्यावर ही सारी रचना उभी आहे.

पणजोबा किंवा पणजी तिथे जन्मली असेल, तर वाट अरुंद होते. 1986 नंतर जन्मलेल्या पणतवंडाला हक्क मिळतो तो फक्त त्याच्या जन्मापूर्वी त्याच्या आईने किंवा वडिलांनी या नोंदवहीत आपले नाव घातले असेल तरच. म्हणून ज्या तरुण जोडप्यातील एकाचे आजी-आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले आहेत, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की मूल होण्यापूर्वी नोंदणी पूर्ण करावी. नोंदणीला अनेक महिने लागू शकतात आणि मूल आधी जन्मले, तर त्याचा हा हक्क कायमचा जातो. नंतर नोंदणी केली म्हणून तो परत येत नाही.

याहून मागची पिढी असेल, तर वंशाच्या आधारावर नागरिकत्वाचा हक्क नाही. आयरिश मुळे असलेल्या व्यक्तीला नागरिकत्व देताना नेहमीच्या अटी शिथिल करण्याचा अधिकार 1956 च्या कायद्याच्या कलम 16 ने मंत्र्यांना दिलेला आहे, परंतु तो त्यांच्या विवेकाधीन अधिकार आहे. त्याला हक्क समजून त्यावर आयुष्याची आखणी करू नये. डीएनए चाचणीत किती टक्के आयरिश वंश निघाला, यालाही नोंदवहीच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

ही मर्यादा किती काटेकोर आहे, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून कळेल. जून 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी वेक्सफर्ड काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्हा) डंगन्सटाउन येथे आपल्या पणजोबांच्या घराण्याच्या शेतावर गेले. त्यांचे आठही पणजी-पणजोबा आयर्लंडहून आलेले होते, परंतु चारही आजी-आजोबा अमेरिकेत जन्मले होते. आजच्या नियमाने पाहिले, तर केनेडींना आजी-आजोबांच्या आधारे नोंदणीचा हक्क मिळाला नसता. मे 2011 मध्ये बराक ओबामा ऑफली काउंटीतील मनीगॉल या लहानशा गावी गेले. तिथून 1850 मध्ये अमेरिकेला गेलेले त्यांचे पूर्वज तर आणखी मागच्या पिढीचे. दोघांचेही स्वागत मनापासून झाले आणि दोघेही कायद्याच्या दृष्टीने पाहुणेच होते.

मर्यादा का घातली, हे आकडे सांगतात. 1845 ते 1852 या काळातील बटाट्याच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मेली आणि 10 लाखांहून अधिक देशाबाहेर गेली. 1841 च्या जनगणनेत सुमारे 82 लाख असलेली बेटाची लोकसंख्या 1851 मध्ये सुमारे 65 लाखांवर आली, आणि त्यानंतरही स्थलांतर थांबले नाही. आज एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात, तर प्रजासत्ताकाची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत सुमारे 51 लाख 50 हजार होती. प्रत्येक वंशजाला नागरिकत्व द्यायचे ठरवले, तर तिथे राहणारी माणसे आपल्याच देशाच्या नागरिकांत अल्पसंख्य ठरतील. मला ही मर्यादा न्याय्य वाटते, आणि दुष्काळात हाकलल्या गेलेल्यांच्या वंशजांना ती जिव्हारी लागते हेही मला मान्य आहे.

इतर देशांनीही कुठे ना कुठे रेघ ओढलेली आहे. इटलीत 1861 च्या एकीकरणापर्यंत मागे जाऊन पिढ्यांच्या मर्यादेविना नागरिकत्व सिद्ध करता येत असे. मार्च 2025 मधील अध्यादेशाने आणि मे 2025 मध्ये त्याचा कायदा झाल्यावर ती वाट सर्वसाधारणपणे आई-वडील व आजी-आजोबांपर्यंतच राहिली. हंगेरीने 2010 च्या कायद्याने जुन्या नागरिकांच्या वंशजांना तिथे न राहताही नागरिकत्व दिले, पण हंगेरियन भाषा येण्याची अट घातली. भारताची ओसीआय ही परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीची योजनाही पणतवंडांपाशीच थांबते. त्यामुळे इंटरनेटवर वाचलेला एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये, आणि जुना लेख वाचून तर मुळीच निर्णय घेऊ नये.

दुसरी पायरी: ‘आयर्लंड’ नव्हे, नेमके ठिकाण शोधा

सर्वाधिक वेळ या पायरीवर जातो आणि तो द्यावाच लागतो. अमेरिकेतील जुन्या कागदांवर जन्मस्थान म्हणून बहुधा नुसते ‘आयर्लंड’ लिहिलेले असते. आयरिश नोंदी मात्र ठिकाणानुसार लावलेल्या आहेत. तिथली सर्वांत लहान भू-एकक म्हणजे टाउनलँड. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड्स आहेत, आणि एकाच नावाची अनेक असतात. त्यावर पॅरिश (एका चर्चचा परिसर), त्यावर बॅरनी (अनेक पॅरिशांचा गट) आणि त्यावर 32 काउंट्या. किमान काउंटी आणि पॅरिश कळल्याशिवाय मेरी मर्फी किंवा जॉन केली यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या नावाचा माणूस ओळखता येत नाही.

म्हणून शोध नेहमी अलीकडच्या टोकापासून, म्हणजे ज्या देशात कुटुंब स्थायिक झाले तिथून सुरू करावा. थडग्यावरील कोरीव मजकूर, मृत्युलेख, नागरिकत्वाचे जुने अर्ज आणि कॅथलिक चर्चमधील विवाहाच्या नोंदी यांत गावाचे किंवा पॅरिशचे नाव मिळण्याची शक्यता असते. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात 1831 ते 1921 या काळात हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधासाठी जाहिराती छापल्या जात आणि त्यांत अनेकदा मूळ पॅरिशचा उल्लेख असे. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, अशी कथा अनेक घरांत सांगितली जाते. प्रत्यक्षात तिथले कारकून जहाजावर आधीच तयार झालेल्या यादीवरून काम करत. शिवाय ते केंद्र 1892 मध्ये सुरू झाले, म्हणजे दुष्काळातील पिढी त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत उतरली होती. आडनावाआधीचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ आयर्लंडमध्येच गळलेले असू शकते, त्यामुळे दोन्ही रूपांनी शोध घ्यावा.

ठिकाण कळले, की आयर्लंडमधील नोंदींकडे वळावे. तिथे कॅथलिकांसह सर्वांची जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदणी 1 जानेवारी 1864 पासून सुरू झाली. कॅथलिकेतर विवाहांची नोंद त्याआधी 1845 पासून आहे. शंभर वर्षांहून जुने जन्म, पंचाहत्तर वर्षांहून जुने विवाह आणि पन्नास वर्षांहून जुने मृत्यू यांच्या नोंदींच्या प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. 1864 पूर्वीच्या कॅथलिक कुटुंबांसाठी पॅरिशच्या नोंदवह्या हाच आधार आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये त्या साधारण 1880 पर्यंतच्या काळासाठी खुल्या केल्या. त्या बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, तेव्हा जेम्सला ‘याकोबुस’ आणि विल्यमला ‘गुलिएल्मुस’ म्हणून ओळखण्याची तयारी ठेवावी.

1901 आणि 1911 या दोन्ही जनगणना संपूर्ण उपलब्ध आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्याआधीच्या जवळजवळ सर्व नष्ट झाल्या आहेत. 1861 व 1871 चे कागद सरकारनेच नष्ट केले, 1881 व 1891 चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले आणि 1821 ते 1851 चे बहुतेक कागद जून 1922 मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेख कार्यालयाबरोबर जळाले. त्या आगीने जे गेले त्याची थोडी भरपाई दोन महसुली दप्तरांनी होते: 1823 ते 1837 ची टाइथ अॅप्लॉटमेंट पुस्तके (चर्चसाठीच्या कराच्या नोंदी) आणि 1847 ते 1864 या काळातील ग्रिफिथचे मूल्यांकन. ग्रिफिथच्या मूल्यांकनात प्रत्येक टाउनलँडमधील कब्जेदाराचे नाव, त्याला जमीन देणाऱ्याचे नाव आणि क्षेत्र नोंदलेले आहे. आपल्या सातबाऱ्याशी परिचय असलेल्या वाचकाला ते पान वाचायला फारसा वेळ लागणार नाही.

वयांच्या बाबतीत फार सावध राहावे. 1901 मध्ये पंचावन्न वर्षांचा असलेला माणूस 1911 मध्ये सत्तरचा झालेला दिसतो, आणि नवखा संशोधक हा माणूस वेगळाच आहे असे ठरवून त्याला सोडून देतो. खरे कारण असे की 1908 च्या कायद्यानुसार जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले होते, आणि 1864 पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हताच, म्हणून वय वाढवून सांगितले जाई. तसेच बाप्तिस्म्याची तारीख सरकारी जन्मतारखेच्या आधीची निघाली, तर दचकू नये. नोंदणीला उशीर झालेल्या पालकांनी तारीख पुढे सरकवून सांगितल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

भारतात वाढलेल्या कुटुंबांसाठी

पूर्वज ब्रिटिश सैन्यातून किंवा रेल्वेतून भारतात आलेला असेल, तर मधल्या पिढ्यांची साखळी लंडनमध्ये सापडते. तीनही इलाख्यांतील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती इंडिया ऑफिसकडे पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील एन/3 ही मालिका मुंबई इलाख्याची आहे. पुणे, खडकी किंवा देवळालीच्या नोंदी तिथे पाहाव्यात. कामठीची छावणी दीर्घकाळ मद्रासच्या सैन्याकडे असल्यामुळे तिच्यासाठी एन/2 ही मद्रासची मालिकाही तपासावी. विवाहाच्या नोंदीत पलटणीचे नाव मिळाले, तर पुढे सैनिकाच्या सेवापत्रिकेत त्याचे जन्मस्थान सापडण्याची आशा असते.

अशा बहुतेक कुटुंबांत आयर्लंडमध्ये जन्मलेला पूर्वज आजोबांहून मागचा निघतो आणि आयरिश नागरिकत्वाची वाट तिथेच बंद होते. मात्र आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंडमध्ये, किंवा 31 मार्च 1922 पूर्वी आयर्लंडच्या उर्वरित भागात जन्मले असतील, तर राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून भारतीय व्यक्ती ब्रिटनच्या ‘अॅन्सेस्ट्री’ व्हिसासाठी अर्ज करू शकते. अर्जदार किमान सतरा वर्षांचा असावा, ब्रिटनमध्ये काम करण्याचा त्याचा हेतू आणि क्षमता असावी, आणि अर्ज ब्रिटनबाहेरून करावा. हा व्हिसा पाच वर्षांचा असतो व त्यानंतर तिथे कायम राहण्याची परवानगी मागता येते. यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागत नाही.

तिसरी पायरी: कागदांची साखळी

नोंदवहीसाठी तीन पिढ्यांचे कागद लागतात. आजी किंवा आजोबांचा सविस्तर जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला (हयात असल्यास ओळखपत्राची साक्षांकित प्रत), आई किंवा वडिलांचे याच प्रकारचे कागद, आणि शेवटी अर्जदाराचा जन्मदाखला, ओळखपत्र, पत्त्याचे पुरावे व छायाचित्रे. जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावे असलीच पाहिजेत, कारण प्रत्येक कागदाने वरच्या पिढीशी दुवा जोडायचा असतो. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली प्रतिमा शोधासाठी उपयोगी आहे, अर्जासाठी नाही; प्रमाणित दाखला मागवावा लागतो.

नावांतील फरक हे विलंबाचे मोठे कारण असते. मराठी घरात विवाह झालेल्या स्त्रीच्या पासपोर्टवर पतीचे नाव मधले नाव म्हणून येते, तर जन्मदाखल्यावर वेगळेच असते. अशा प्रत्येक बदलासाठी विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचा अधिकृत कागद जोडावा आणि सोबत थोडक्यात स्पष्टीकरण लिहावे. अर्ज ऑनलाइन भरून, छापून, ठरवून दिलेल्या व्यवसायातील साक्षीदारासमोर त्यावर सही करायची असते. मूळ कागद टपालाने पाठवायचे असल्याने सर्वांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. प्रौढांसाठी शुल्क 278 युरो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी 153 युरो असे आहे. भरण्यापूर्वी ते आयर्लंडच्या परराष्ट्र विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावे.

सही करण्यापूर्वी

अर्जदाराकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर इथे थांबून विचार करणे अत्यावश्यक आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. नोंदवहीत नाव घालणे ही केवळ वंशाची पोचपावती आहे, अशी समजूत करून घेऊन कोणीही अर्ज करू नये. ज्यांच्याकडे आधीच अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व आहे त्यांना ही अडचण नाही, कारण आयर्लंड, अमेरिका व ब्रिटन हे तिन्ही देश दुहेरी नागरिकत्वाला मुभा देतात.

आयरिश नागरिकत्वातून युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा अधिकार मिळतो, आणि आयर्लंड व ब्रिटन यांच्यातील जुन्या व्यवस्थेमुळे ब्रिटनमध्येही. मात्र कायम परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आयर्लंडच्या निवडणुकीत सर्वसाधारणपणे मतदान करता येत नाही.

जमिनीविषयी

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतो, म्हणून स्पष्ट सांगतो: वंशाच्या आधारावर तिथे वडिलोपार्जित जमीन मागता येत नाही. देश सोडून गेलेली बहुसंख्य माणसे कुळे होती, मालक नव्हती. कसणाऱ्यांना मालकी मिळाली ती पुढे, मुख्यतः 1903 च्या वायंडम कायद्यासारख्या जमीन-कायद्यांमुळे, आणि ती त्या वेळी तिथे राहिलेल्यांना मिळाली. क्वचित एखाद्या घराण्याची खरोखर मालकी असली, तरी खासगी जमिनीवर दुसऱ्याचा बारा वर्षे प्रतिकूल कब्जा राहिल्यास मूळ मालकाचा दावा सामान्यतः मुदतबाह्य होतो. ग्रिफिथच्या नकाशावर पूर्वजाचे शेत सापडणे हा मोठा आनंद आहे, पण त्या पानाला मालकीचा दस्तऐवज समजू नये.

गावाशी नाते

आयर्लंडच्या राज्यघटनेचे कलम 2, उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर बदललेल्या रूपात, परदेशातील आयरिश वंशाच्या आणि आयरिश संस्कृती व वारसा जपणाऱ्या लोकांशी राष्ट्राचे विशेष जवळिकीचे नाते असल्याचे सांगते. ते जिव्हाळ्याचे विधान आहे, त्यातून कोणताही अधिकार निर्माण होत नाही. 2011 मध्ये सरकारने आयरिश वारशाचे एक प्रमाणपत्र विकत देण्यास सुरुवात केली. फार थोड्यांनी ते घेतले आणि 2015 मध्ये ती योजना बंद झाली. माझ्या मते लोकांनी योग्यच निवड केली. राज्याने शिक्का मारलेल्या कागदापेक्षा पूर्वज ज्या टाउनलँडमधून निघाले तिथल्या माणसांशी झालेली ओळख कितीतरी मोलाची असते.

याची उलट बाजू मराठी माणसाने पाहिलेली आहे. आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर डिसेंबर 2019 मध्ये कुटुंबासह मालवण तालुक्यातील वराड या आपल्या वडिलांच्या गावी आले, तेव्हा गावाने त्यांचे आपल्या माणसासारखे स्वागत केले. त्यांनी तिथे काही मागितले नव्हते. आयर्लंडमधील पॅरिशमध्ये जाताना वंशजाने हाच भाव ठेवावा. पूर्वज उत्तरेकडचे असतील, तर आणखी जपून वागावे, कारण तिथे कोणी स्वतःला आयरिश म्हणवतो, कोणी ब्रिटिश, कोणी दोन्ही, आणि अठराव्या शतकात अमेरिकेला गेलेल्या अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताच्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) कुटुंबांचे वंशज ज्या भूमीला आपली मानतात तिच्याविषयीची तिथली भावना मेयो किंवा कॉर्क या काउंट्यांहून वेगळी आहे.

भेटीच्या काही महिने आधी ‘आयर्लंड रीचिंग आउट’ या स्वयंसेवी उपक्रमामार्फत संबंधित पॅरिशला लिहावे. पूर्वजाचे पूर्ण नाव, अंदाजे जन्मवर्ष, टाउनलँड, आई-वडिलांची नावे आणि धर्मपंथ एवढी माहिती पत्रात असली, की तिथल्या स्वयंसेवकाला मदत करता येते. जुने घर कोणाच्या तरी खासगी शेतात असेल, तर मालकाला विचारल्याशिवाय फाटक उघडू नये. गावातील वृद्धांशी बोलताना जमिनीचा विषय आपण होऊन काढू नये. त्यांनी काढला, तर ऐकून घ्यावे. आणि जाताना आपण गोळा केलेल्या वंशावळीची, तसेच परदेशातील पत्रे व छायाचित्रे असल्यास त्यांची, एक नीट लावलेली प्रत सोबत न्यावी व ती काउंटी ग्रंथालयाच्या स्थानिक अभ्यास विभागाकडे द्यावी. निघून गेलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद गावाकडे बहुधा नसते.